‘अहिल्या’ हे शापाचं नाव आहे का?

ताई, नमस्कार.
आमची मुलगी चार महिन्यांची आहे. बारशाला आत्याने तिच्या कानात ‘अहिल्या’ हे नाव सांगितलं. नाव मी आणि नवऱ्याने ठरवलं होतं. मी सोलापूर विद्यापीठाची, माझ्या पदवीच्या कागदावरच अहिल्यादेवींचं नाव आहे. त्रिशताब्दीच्या वर्षात त्यांच्याबद्दल बरंच वाचलं, तेव्हापासून हे नाव मनात होतं. पण सासूबाई बारशापासून नाराज आहेत. ‘शापाचं नाव आहे, दगड होऊन पडली होती ती बाई,’ असं म्हणतात आणि बाळाला ‘सरू’ अशीच हाक मारतात. त्यांना त्यांच्या सासूबाईंचं सरस्वती हे नाव हवं होतं. चुलत सासरे संस्कृतचे शिक्षक होते. ते म्हणतात, ‘अहिल्या’ अशुद्ध आहे, ‘अहल्या’ लिहा. दीर म्हणतो, अहि म्हणजे साप. मोबाइलवर शोधलं तर एकीकडे अर्थ ‘कुमारिका’, दुसरीकडे ‘रात्र’, तिसरीकडे ‘निष्कलंक’, चौथीकडे ‘न नांगरलेली जमीन’. जन्मदाखल्यावर नावाची जागा अजून रिकामी आहे. नगरपालिकेत जाताना काय लिहून नेऊ?
– एक आई, बार्शी

नमस्कार.

आधी साप घराबाहेर काढू. संस्कृतात ‘अहि’ म्हणजे साप, हे खरं आहे. ऋग्वेदात इंद्राने ज्याला मारलं तो वृत्रही अहिच. पण तुमच्या मुलीच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही, कारण मूळ संस्कृत नावात ‘हि’ नाहीच. रामायणात आणि पुराणांत नाव येतं ते ‘अहल्या’. वेलांटी मागाहून बोलण्यात आली, ती कशी ते पुढे सांगते. अशा मागाहून आलेल्या वेलांटीत साप शोधायचा म्हटलं तर ‘वहिनी’तही निघेल, आणि ते तुमच्या दिराला परवडणार नाही.

आता अर्थ. तुम्हाला सापडलेले चारही अर्थ कुणी हवेतून काढलेले नाहीत, प्रत्येकाला जुना आधार आहे. घोटाळा एवढाच होतो की मोबाइलवरच्या याद्या त्यांना एका ओळीत बसवतात, जणू ते एकाच तोलाचे आहेत. ते तसे नाहीत.

व्याकरणाने सरळ निघतो तो जमिनीचा अर्थ. हल म्हणजे नांगर. पाणिनीच्या चौथ्या अध्यायात ‘मतजनहलात् करणजल्पकर्षेषु’ असं सूत्र आहे. त्याने ‘हल’ला य लागून ‘हल्य’ होतं: नांगराने जे ओढलं जातं, नांगरटीखाली येतं, ते. तुमच्या चुलत सासऱ्यांना हे सूत्र नक्की ठाऊक असेल. अमरकोशही बहुधा कपाटात असेल, तर त्यातला शेतीचा भाग काढून ‘सीत्यं कृष्टं च हल्यवत्’ ही ओळ त्यांनाच वाचायला सांगा. सीत्य, कृष्ट, हल्य हे तिन्ही शब्द नांगरलेल्या शेताचे आहेत. तीनदा नांगरलं तर त्रिहल्य किंवा त्रिसीत्य, असे शब्दही तिथेच दिलेत. ‘हल्या’च्या आधी नकाराचा अ लावला की झाली अहल्या, जिला अजून फाळ लागलेला नाही अशी.

त्या ओळीत ‘सीत्य’ आलं, हे नजरेतून सुटू देऊ नका. सीता म्हणजे नांगराचा तास. जनक शेत नांगरत असताना फाळापुढे ती मिळाली म्हणून सीता, असं रामायणातच जनक सांगतो. आणि रामाचा रस्ता पाहा. विश्वामित्राबरोबर मिथिलेला पोचताना नगराबाहेरच्या उपवनात त्याला आधी अहल्या भेटते, मग पुढे सीता. एकीला नांगर लागलेलाच नाही, दुसरी नांगराच्या तासातून वर आलेली. हे कुणी जुळवून आणलं की आपोआप जुळलं, यावर पंडितांना वाद घालू द्या. शेतकऱ्यांच्या मुलखातल्या बाईला ही जोडी कळायला पंडित लागत नाही.

‘निष्कलंक’ हा अर्थ रामायणाच्याच उत्तरकांडातून आलाय. तिथे ब्रह्मदेव सांगतो, मी सगळ्या प्राण्यांमधलं जे जे उत्तम ते घेऊन एक स्त्री घडवली. श्लोक असा: ‘हलं नामेह वैरूप्यं हल्यं तत्प्रभवं भवेत् । यस्या न विद्यते हल्यं तेनाहल्येति विश्रुता ॥’ हल म्हणजे विरूपता, तिच्यातून येतं ते हल्य, ते जिच्यात नाही ती अहल्या. ऐकायला गोड आहे. पण ‘हल म्हणजे कुरूपता’ हा अर्थ या श्लोकाबाहेर फारसा भेटत नाही. हल म्हटलं की संस्कृतात नांगरच उभा राहतो. ही व्युत्पत्ती नव्हे, निरुक्ती आहे. नाव आधीपासून होतं, त्याला शोभेल असा अर्थ कवीने मागून बसवला. आपल्याकडे प्रत्येक गावाच्या नावामागे पांडव किंवा एखादा राक्षस असतोच की, तशातलाच हा प्रकार. म्हणून तो खोटा ठरत नाही. फक्त तो कथेचा अर्थ आहे, शब्दाचा नाही.

‘रात्र’ जरा वेगळ्या वाटेने आली. अहल्येचं नाव रामायणाहून जुन्या ग्रंथांतही येतं. सोमयागात इंद्राला बोलावताना सुब्रह्मण्य नावाचा ऋत्विज, म्हणजे यज्ञातला पुरोहित, त्याला एकेका विशेषणाने हाक मारत असे, त्यात ‘अहल्यायै जार’, म्हणजे अहल्येचा जार, चोरटा प्रियकर, हेही एक. शतपथ ब्राह्मणात ते आहे. देवांचा राजा आणि परस्त्रीचा जार, हे पुढच्या विचारवंतांना खटकणारच. सातव्या शतकात कुमारिल भट्टाने त्यातून असा मार्ग काढला: अहल्या म्हणजे रात्र, कारण ती ‘अहनि’, म्हणजे दिवसात, लीन होते. इंद्र म्हणजे तेजाने सर्वश्रेष्ठ असा सूर्य. सूर्य रात्रीला जीर्ण करतो, झिजवतो, म्हणून तो तिचा जार. व्यभिचार संपला, सूर्योदय उरला! मला ही युक्ती बुद्धीच्या बाजूने फार आवडते आणि मनाच्या बाजूने अजिबात पटत नाही. एका बाईची आख्खी कहाणी त्यात पुसली जाते. पण ‘अहिल्या म्हणजे रात्र’ हे तुमच्या मोबाइलपर्यंत पोचलं ते या वाटेने.

उरली कुमारिका. ती बहुतेक पंचकन्यांच्या श्लोकातून आली. ‘अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा, पंचकन्या स्मरेन्नित्यं महापातकनाशनम्.’ या पाचही जणी लग्न झालेल्या, मग त्यांना कन्या कसं म्हणायचं, म्हणून काही जण त्या जागी ‘पञ्चकं ना’ वाचतात: माणसाने हे पंचक रोज आठवावं. सीतेच्या जागी कुंती म्हणणारेही आहेत. पण कुठलाही पाठ घ्या, पहिलं नाव अहल्येचंच. सासूबाई सकाळी उठल्यावर प्रातःस्मरण म्हणत असतील तर हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बारशाचा फोटो बघून कुणी अर्थ विचारला तर ‘फाळ न लागलेली जमीन’ सांगा. ऐकणाऱ्याचा चेहरा थोडा पडेल. लोकांना ‘तेजस्वी’, ‘देवाची देणगी’ असलं काही ऐकायची सवय असते. पण हा अर्थ खरा आहे, जुना आहे, आणि बार्शीच्या काळ्या रानात कुणाला समजावून द्यावा लागणार नाही.

आता दगड.

सासूबाई मनचं काही बोलत नाहीत, हे आधी मान्य करा. मनाच्या श्लोकांत बत्तिसावा श्लोक ‘अहल्या शिळा राघवें मुक्त केली, पदीं लागतां दिव्य होऊनि गेली’ असाच आहे. त्यांनी तो लहानपणापासून म्हटला असणार. तुलसीदासांकडेही ती ‘उपल देह’ धरून, म्हणजे पाषाण होऊन, रामाच्या चरणधुळीची वाट पाहते. त्याच्या कितीतरी आधी कालिदासाने रघुवंशाच्या अकराव्या सर्गात गौतमाच्या पत्नीला ‘शिलामयी’ म्हटलंय आणि रामाच्या पायांच्या धुळीने तिला तिचं रूप परत मिळाल्याचं सांगितलंय. तेव्हा दगडाची गोष्ट सासूबाईंच्या पदरची नाही, पुष्कळ जुनी आहे.

पण वाल्मीकींच्या बालकांडात दगड नाही. अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास हे दोन सर्ग काढून बघा, मराठी भाषांतर सहज मिळतं. गौतमाचा शाप असा आहे: याच आश्रमात तू हजारो वर्षं राहशील, वारा हाच तुझा आहार, राखेत पडून तप करशील, कुणाच्या दृष्टीला पडणार नाहीस. ‘अदृश्या सर्वभूतानाम्’ हे मूळ शब्द. म्हणजे ती जिवंत आहे, तिथेच आहे, पण कुणाला दिसत नाही. राम आश्रमात येतो तेव्हा त्याला दिसते ती तपाने उजळलेली स्त्री. वाल्मीकी तिला धुक्याआडच्या पूर्ण चंद्राची प्रभा म्हणतात, पाण्यात पडलेल्या सूर्याचं तेज म्हणतात. आणि मग पाय लावण्याचा प्रसंग येतो तो उलटा: ‘राघवौ तु ततस्तस्याः पादौ जगृहतुस्तदा.’ राम आणि लक्ष्मण या दोघांनी तिचे पाय धरले. तिने त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, अर्घ्य दिलं, पाहुणचार केला. घरच्या बाईने आल्यागेल्याचं करावं तसं.

ही ओळ सासूबाईंना वाचून दाखवा. वाद म्हणून नको, नुसती वाचून दाखवा. मनाचा श्लोक पाठ असणाऱ्या बाईला या दोन ओळींमधलं अंतर आपोआप जाणवेल. एकीकडे ती रामाच्या पायी लागते, दुसरीकडे राम तिच्या पाया पडतो.

यावर त्या म्हणतील, बरं, दगड नसेल झाली, पण चुकली तर होती ना? इथे तुम्ही गुळमुळीत बोलू नका, कारण मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तीही हेच विचारणार आहे. बालकांड सांगतं, मुनीच्या वेषात इंद्रच आलाय हे तिने ओळखलं होतं, आणि ‘देवराजकुतूहलात्’, देवांच्या राजाविषयीच्या कुतूहलाने, तिने होकार दिला. उत्तरकांडात तीच अहल्या नवऱ्याला सांगते की त्याने तुमचं रूप घेतलं होतं, मी अजाणता फसले, माझ्या इच्छेने झालं नाही. एकाच रामायणात दोन्ही आहे. पुढच्या कीर्तनकारांनी आणि पुराणिकांनी ज्याला जे सोसलं ते उचललं. तुम्ही मुलीला दोन्ही सांगा. एकच सांगितलं तर दुसरं तिला शाळेत कुणीतरी कुचकटपणे सांगेल.

या सगळ्यात मला स्वतःला लागते ती जागा मात्र थोडी पुढे, एक्कावन्नाव्या सर्गात आहे, आणि तिची फारशी कुणी आठवण काढत नाही. अहल्येला मुलगा आहे, शतानंद. तो जनकाचा पुरोहित. राम-लक्ष्मण मिथिलेत पोचतात, तेव्हा शतानंद विश्वामित्राला धनुष्याबिनुष्याचं काही विचारत नाही. पहिला प्रश्न आईचा. ‘मम माता यशस्विनी’, दीर्घ तप करत राहिलेली माझी यशस्विनी आई, तिला तुम्ही रामाला दाखवलंत ना? तिने त्याचा पाहुणचार केला ना? ती माझ्या वडिलांना परत भेटली ना? एकामागून एक विचारत सुटतो. जनकाच्या यज्ञमंडपात, सगळ्यांदेखत, ज्या बाईला जगाने शापित म्हटलं तिला तिचा मुलगा यशस्विनी म्हणतो. ‘शापाचं नाव’ या शब्दांना माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

आणि मिथिला लांब वाटत असेल तर त्र्यंबकेश्वर जवळ आहे. आपल्याकडे गौतम आणि अहल्या म्हटलं की ब्रह्मगिरी. गोदावरीला गौतमी म्हणतात ते त्या ऋषींवरून. शिवपुराणातल्या कथेत दुष्काळात गौतमाच्या आश्रमाला पाणी मिळतं, तिथे भात पिकतो. पाण्यावरून इतर ऋषिपत्नींचं अहल्येशी वाजतं, नळावर होतं तसंच. मग गौतमाला घालवून देण्यासाठी भाताच्या पिकात एक मरतुकडी गाय सोडतात. गौतम तिला गवताच्या काडीने हाकतो आणि ती मरून पडते. त्या पापाच्या क्षालनासाठी गंगा खाली आणली, ती गोदावरी. या गोष्टीत इंद्रही नाही आणि दगडही नाही, आहे ती शेती करणाऱ्या नवऱ्याबरोबर राहणारी आणि पाण्यासाठी बोलणी खाणारी बाई. त्र्यंबक गावात आजही अहिल्या नावाची नदी आहे, तिचा गोदावरीशी संगम आहे, आणि लोक तिथे धर्मकृत्यं करतात. नाव अशुभ असतं तर त्या संगमावर कुणी पाय ठेवला असता का?

अहिल्यादेवी होळकरांचं तर तुम्हाला मी काय सांगणार. 1725 साली चौंडीला जन्म, 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला, 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. त्यानंतर 1795 पर्यंत महेश्वरहून कारभार केला. काशी विश्वनाथ, गयेचं विष्णुपद, वेरूळचं घृष्णेश्वर ही तिने बांधलेली किंवा नव्याने उभी केलेली देवळं, आणि यादी इथे संपत नाही. शिंदे-होळकरांच्या घरात हे नाव कुणाला शापाचं वाटलं नाही. मोरोपंत तिच्याच काळातले. त्यांनी तिच्यावर आर्या रचली, तिचा आशय असा की न्याय आणि धर्म यांत रमलेली अशी दुसरी कन्या कलियुगात ऐकिवात नाही. ‘कन्या’ हा शब्द त्यांनी यमकासाठी घेतला असेल, पण अहल्येच्या नावाशेजारी तो आला की पंचकन्या आठवतातच.

आता तुमच्या चुलत सासऱ्यांच्या वेलांटीकडे वळू. संस्कृत म्हणून विचाराल तर ते बरोबर आहेत, अहल्या हेच रूप. मराठीत य च्या आधी जीभ टाळ्याकडे चढायला लागते, आणि इ हा स्वरही टाळ्याचाच, तेव्हा ‘अहल्या’चं ‘अहिल्या’ होणं जिभेला सोपं. मनाच्या श्लोकांच्या छापील प्रतींतही कुठे अहल्या, कुठे अहिल्या दिसतं. वृत्त दोन्हींनी सांभाळलं जातं, कारण पुढे ल्या हे जोडाक्षर असल्याने ह काय नि हि काय, मात्रा दोनच. अशुद्ध म्हणायचं तर मग रुक्मिणीची रखुमाई कुठल्या व्याकरणाने शुद्ध? विटेशेजारी उभी आहे ती रखुमाईच, आणि तिला कुणी शुद्धिपत्र लावत नाही. संस्कृत नाव मराठीत राहायला आलं की ते मराठीच्या चालीने चालतं.

तुम्ही नाव घेतलंय ते होळकरांच्या अहिल्येवरून, गौतमाच्या अहल्येवरून नव्हे. विद्यापीठ, इंदूरचा विमानतळ, नगर जिल्ह्याचं नवं नाव, सगळीकडे वेलांटी आहे. म्हणून माझं मत ‘अहिल्या’. चुलत सासऱ्यांना वाईट वाटत असेल तर पत्रिकेत अहल्या लिहू द्या, पत्रिका कुठल्या कार्यालयात जोडावी लागत नाही.

आता सासूबाईंबद्दल दोन शब्द, कारण मला वाटतं तुमचं पत्र खरं तर तिथे अडलंय. त्या शापाला भ्यायलेल्या नाहीत. तुम्ही दोघांनी नाव ठरवलं, आत्याला सांगितलं, आणि आजीला ते पाळण्याजवळ उभं राहून सगळ्या बायकांबरोबर कळलं, असं तर झालं नाही ना? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण त्यांना आधी विचारलं होतं असंही लिहिलेलं नाही. त्यांच्या मनात त्यांच्या सासूचं नाव होतं. तसं असेल तर अमरकोश आणि वाल्मीकी घेऊन गेलात तरी त्या हलणार नाहीत, उलट सूनबाई फार शिकलेली म्हणून आणखी चिडतील.

तेव्हा क्रम बदला. आधी सरस्वती. बारशाला एकाहून जास्त नावं ठेवायची पद्धत आपल्याकडे आहेच. पाळण्यातलं एक नाव सरस्वती असू द्या आणि ते सासूबाईंच्या तोंडून होऊ द्या. त्यासाठी पुन्हा बारसं नको, एखाद्या शुक्रवारी ओटी भरून, चार घरच्या बायका बोलावून झालं तरी चालतं. ‘सरू’ हाक आजीची, ती त्यांच्याकडेच राहू द्या. ‘आई, तिला अहिल्या म्हणा ना’ असं दर वेळी टोकू नका. घराघरात एकाच पोरीला चिमी, बबडी, ताई अशी पाच नावं असतात आणि ती सगळ्यांना ओ देते. त्यानंतर कधीतरी, दुपारची भांडी घासून झाली की, शतानंदाची गोष्ट सांगा. श्लोक नंतर. प्रातःस्मरणातलं पहिलं नाव त्यांचं त्यांनाच आठवू द्या, तुम्ही आठवण करून दिलीत तर तो टोमणा होईल.

आणि एक गोष्ट नवऱ्याला सांगा. आईशी हे बोलणं त्यानेही करायचं आहे. नाव दोघांनी ठरवलं आणि रुसवा एकटी सून झेलतेय, हे काही बरोबर नाही.

नगरपालिकेचं काम. जन्माची नोंद जिथे बाळंतपण झालं तिथेच असते. तुमचं बाळंतपण माहेरी झालं असेल तर बार्शीच्या नगरपालिकेत खेटे घालू नका, माहेरच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जा. दाखला नावाशिवाय निघाला असेल तर नोंदीपासून वर्षाच्या आत नाव घालायला शुल्क लागत नाही. पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. चारच महिने झालेत, तेव्हा घरातलं सगळं निवेपर्यंत महिना-दीड महिना थांबलात तरी बिघडत नाही. त्याहून जास्त रेंगाळू नका. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, मतदारयादी, सरकारी नोकरी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, आणि एकदा घातलेलं नाव बदलणं हे न घातलेलं नाव घालण्यापेक्षा फार कटकटीचं आहे.

दाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येतं. इंग्रजीत ए-एच-आय-एल-वाय-ए असं लिहा. आयच्या जागी ए घातलात तर परराज्यातली माणसं तिला ‘अहाल्या’ म्हणतील आणि मराठीशी मेळही बसणार नाही. शेवटी उगाच जास्तीचा ए लावू नका, कुणी अंकशास्त्राचं सांगितलं तरी. दोन्ही लिप्यांतलं नाव एका कागदावर ठळक अक्षरात लिहून तो अर्जाला जोडा, म्हणजे टंकणाऱ्याला अंदाज करावा लागणार नाही. दाखला छापण्याआधी नाव पडद्यावर दाखवायला सांगा, आणि ‘ल्या’चं ‘ला’ झालेलं नाही ना, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.